वेखंडाचा वास

पॅरालिसिसने वाचा गेलेल्या सासूबाईंसाठी आज नणंदेने वेखंड उगाळलं. त्या उग्र वासासरशी डोंबिवलीच्या जुन्या घरातली एक दुपार आठवली.

दोन वर्षांचा माझा ओंकार बोलत नव्हता. घरी आलेल्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या, "खेळता-जेवताना त्याच्याशी कसं बोलायचं, ते सगळ्यांनीच शिकायचंय. बसा ना."

त्याच्या जिभेवर वेखंड चोळत सासूबाई फणकारल्या, "आम्हाला काय झालंय? याचा बापही उशिराच बोलला!" पेपर घेऊन हे गॅलरीत गेले. सतरंजीवर मी एकटीच बसले.

आज सासूबाईंना बोलायला शिकवणारी थेरपिस्ट आलीय. पलंगाभोवती सगळं घर जमलंय. ह्यांनी चक्क रजा टाकलीय. "घरातल्या सगळ्यांनी शिकायला हवं," असं मलाच बजावतायत.

अजूनही न बोलणारा, विशीतला ओंकार दारातून बघतोय.