अनुमोदक दाजी

नुसता हात वर करून ज्यानं संसार चालवला असा माणूस मी या पृथ्वीतलावर एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला होता. ते आमचे दाजी. गवंड्याला थापी लागते, न्हाव्याला वस्तरा लागतो, माझ्यासारख्या तेर गावच्या शाळामास्तराला खडू आणि छडी तरी लागते. दाजींना खांद्यापासून बोटांपर्यंतचा एक हात पुरे, तोही उजवा. डाव्याला त्यांनी कधी धंद्यात घेतलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि आमच्या भागात पिकांच्या आधी संस्था उगवल्या. सेवा सोसायटी, दूध संस्था, मजूर संस्था, तेलबिया संस्था, विणकर संस्था. बेंबळीच्या आसपास चार घरं आणि एक लिंबाचं झाड दिसलं की समजावं, झाडाला कसली तरी पाटी टांगलेली असणार. संस्था म्हटली की सभा आली, सभा म्हटली की ठराव आले आणि प्रत्येक ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक आला. सूचकांची ददात नव्हती. ज्याला काही हवं असतं तो सूचना मांडतोच. अडायचं अनुमोदकापाशी. याचा ठराव उचलला तर त्याचा राग, त्याचा उचलला तर याचा. अशा वेळी ज्याला काहीच नको आहे आणि ज्याचं कुणाशीच वाकडं नाही असा माणूस लागतो. दाजींचा जगात कशालाच विरोध नव्हता. चेअरमन मंडळींनी हे बरोबर हेरलं आणि आपल्याच खिशातून शेअर भरून दाजींना जमेल त्या संस्थेचं सभासद करून टाकलं. सुईत दोरा ओवता न येणारा हा माणूस विणकर संस्थेचा सभासद होता आणि मेंढीला लांबून गाढव समजणारा हा माणूस मेंढपाळ संस्थेच्या पहिल्या सभेपासूनचा अनुमोदक होता. गावानं त्यांचं नावच टाकून दिलं. लहानथोर त्यांना 'अनुमोदक' म्हणत.

पगार असा कुणी देत नसे. पण सभेहून दाजी रिकाम्या हातानं परतले असं मला आठवत नाही. तेलबिया संस्थेची पेंड, विणकरांचं धोतर, मेंढपाळांचं घोंगडं, मजूर संस्थेचं घमेलं असं अक्काचं सगळं घर सहकारी तत्त्वावर उभं होतं. घरात स्वतःची म्हणावी अशी एकच चीज होती. ती म्हणजे अक्कानं माहेराहून आणलेल्या रेडीच्या वंशातली म्हैस. ती मात्र कुठल्याही संस्थेची नव्हती आणि अक्का ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी.

तुम्हाला वाटेल, हात वर करायला काय लागतं? मलाही वाटायचं. एकदा तसं बोलून बसलो तर दाजींनी मला ओसरीवर बसवून तासभर शिकवणी घेतली. "मास्तर, हात लवकर वर गेला तर मानूस इकला गेलेला दिसतो. उशिरा गेला तर इकत घ्यायचा राह्यला म्हनून रुसलेला दिसतो. सूचकानं श्वास सोडला की उचलायचा." कोपर किती वाकवायचं, पंजा उघडा ठेवायचा की बोटं जुळवायची, नजर चेअरमनकडे की छताकडे, सगळ्याला शास्त्र होतं. दूध संस्थेत तळवा पुढे, मजूर संस्थेत मूठ अर्धी वळलेली. शोकाच्या ठरावाला हात छातीच्या वर नेत नसत. तिथं नुसती मान हलवायची आणि डोळे मिटायचे. डोळे उघडे ठेवून झोपण्याची विद्या तर त्यांनी कित्येक वार्षिक सभांच्या तपश्चर्येनं मिळवली होती. अहवालवाचन सुरू झालं की दाजी बसल्या जागी घोरत नसत एवढंच. 'तरी सदर ठराव' हे शब्द कानावर पडले की हात आपोआप निघे. ठराव कशाचा होता हे त्यांना ठाऊक नसे. विचारलं तर म्हणत, "वाढपी कधी पंगतीत जेवतो व्हय?"

त्या हाताचे त्यांनी जे लाड केले ते एखाद्या गवयानं गळ्याचेही केले नसतील. घागर डाव्या हातानं, सरपण डाव्या हातानं, म्हशीचं शेणसुद्धा डाव्या हातानं. अक्का म्हणायची, "अवो, जरा उजवा लावा की!" यावर दाजी शांतपणे म्हणत, "ह्यो संस्थेचा हाय." सभेच्या आदल्या दिवशी त्याला करडीचं तेल चोळून घेत. चोळायला अक्काच असायची, आणि चोळताना ती जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सवय एवढी हाडीमाशी मुरली होती की बाहेरच्या जगात त्यांची पंचाईत होई. एसटीत कंडक्टरनं "बेंबळी हाय का कुणी?" म्हणून आरोळी मारली की यांचा हात वर. धाराशिवला निघालेले दाजी कितीदा तरी बेंबळीच्या थांब्यावर उतरून, गाडी धूळ उडवत जाताना बघत उभे राहिले आहेत. पण खरी गंमत गावाची होती. गाव ठराव ऐकतच नसे. गाव दाजींचा हात बघे. तो वर गेला की सगळ्यांचे वर. एका सभेत बोलणं चाललं असताना दाजींनी फेट्यात शिरलेला मुंगळा काढायला हात नेला, आणि जिथं प्यायला पाण्याची मारामार होती त्या गावानं एकमतानं फवारणीचे पंप मागवले. पुढे कित्येक वर्षं पोरं त्या पंपांनी रंगपंचमी खेळत होती. म्हणजे ज्या वर्षी रंगात घालायला पाणी असे त्या वर्षी.

अशीच वर्षं गेली आणि पुन्हा एक कोरडं साल आलं. विहिरींचे तळ दिसू लागले, कडबा सोन्याच्या मोलाचा झाला. गावच्या सोसायटीनं ओढ्याकाठच्या मळ्यात जनावरांची छावणी उघडली. तिथल्या एका विहिरीला तेवढा ओलावा उरला होता. अक्काची म्हैस तिथंच होती, गाभण, अंगावरच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं पोचलो तेव्हा गावात एकच विषय होता. चेअरमननं विशेष सभा बोलावली होती आणि छावणी लांब माकणीकडच्या एका गावाला हलवायचा ठराव यायचा होता. कारण कागदावर काहीतरी भारदस्त होतं. खरं कारण पोरासोरांनाही ठाऊक होतं. ती चेअरमनची सासुरवाडी होती आणि सासऱ्यानं जावयाकडे हट्ट धरला होता की छावणी असावी तर आमच्या दारात असावी.

जेवायला वाढताना अक्का म्हणाली, "म्हस तेवढं चालायची न्हाय. वाटंतच बसंल, आन बसली की उठायची न्हाय."

दाजी घास घोळवत राहिले. मग म्हणाले, "म्या आजवर कुनाला न्हाय म्हनलो न्हाय गं. एकदा हात अडला की पुन्हा कोन बोलावतंय? घर कशावर चालंल?"

"घर!" अक्का म्हणाली. "घरात हाय ती येवढी म्हस. बाकी समदं लोकाचं हाय." आणि भाकरीची टोपली उचलून ती आत गेली. मी दाजींकडे बघायचं टाळलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं आणि तिचंही.

सभा दुपारी चावडीपुढे, लिंबाखाली भरली. अक्का हातात म्हशीचा कासरा घेऊन कडेला येऊन उभी. "जनावर सभेत आणायचं न्हाय," शिपाई म्हणाला. "तिच्याबद्दलच बोलायलाव न्हवं? ऐकू द्या तिला," अक्का म्हणाली. शिपाई बाजूला झाला. दाजी आले ते नेहमीच्या डौलात, धुतलेल्या धोतरात. पण खाली बसताना त्यांनी एक गोष्ट केली जी मी कधी पाहिली नव्हती. उजवा हात तळवा उताणा करून मांडीखाली घेतला आणि त्याच्यावर अंगाचा सगळा भार देऊन ते बसले.

सचिवानं ठराव वाचला. सूचकानं सूचना मांडली, श्वास सोडला. सगळ्या गावाच्या माना दाजींकडे वळल्या. दाजींचा खांदा उडाला. आतून हात धडपडत असणार, कारण दाजी एका बाजूनं थोडे वर उचलले गेले आणि पुन्हा बसले. "अनुमोदन?" सचिव म्हणाला. दाजींच्या नाकावर एक माशी येऊन बसली. आता डावा हात हलवला तरी छावणी माकणीकडे जाणार, हे त्यांना कळत होतं. मुंगळ्याची गोष्ट गाव विसरलं असेल, ते विसरले नव्हते. माशी नाकावरून मिशीवर आली, मिशीवरून ओठावर गेली, तिथून कानाची चौकशी करून पुन्हा नाकावर. दाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन-तीन म्हातारे त्या माशीकडे बघूनच आपापली नाकं खाजवायला निघाले आणि ऐन वेळी बायकांनी त्यांचे हात धरले.

"अनुमोदक," चेअरमन जरा गोड आवाजात म्हणाला, "तब्येत बरी न्हाय का? काय करायलाव?"

"बसलाव," दाजी म्हणाले.

एवढं एकच. चेअरमननं दुसऱ्यांकडे पाहिलं, पण हात कधी वर करायचा हे गावाला स्वतःहून माहीतच नव्हतं. कुणाचाही गेला नाही. ठराव पडला. सूचकसुद्धा बावचळून हात खाली घेऊन बसला. सभा उठली तरी दाजी उठेनात. मी आधार द्यायला गेलो तर हात मनगटापासून काळानिळा पडलेला, बधिर, एखाद्या परक्या माणसाचा असल्यासारखा लोंबत होता. अक्कानं म्हशीचा कासरा माझ्याकडे दिला आणि सगळ्या गावादेखत दाजींचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन ती चोळत बसली. या वेळी मात्र ती एक अक्षर बोलली नाही.

छावणी तिथंच राहिली. म्हैस पाऊसकाळात व्याली आणि रेडी झाली. दाजींना मात्र त्यानंतर कुणी सभेला बोलावलं नाही. एका गावात हात अडला ही बातमी वाऱ्यासारखी सगळ्या संस्थांत पोचली होती. पेंड बंद झाली, धोतर जुनं झालं. दाजी रोज सकाळी दुधाची कॅन घेऊन दूध संस्थेत जाऊ लागले, उजव्या हातात. पहिल्या पहिल्यांदा त्यांना वाटेत दोनदा टेकावं लागे.

नंतर एकदा मी त्यांच्यासोबत गेलो होतो. आत सभा चालली होती. दाजींनी दूध घातलं आणि रिकामी कॅन घेऊन ते दाराबाहेर भिंतीला टेकून उभे राहिले. अनुमोदक म्हणून कुणीतरी नवा, तरणाताठा माणूस होता. दाजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते सचिवाचं वाचन ऐकत होते, मान किंचित तिरकी करून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. माझं उन्हानं डोकं तापलं होतं, पण 'चला' म्हणायला मला धीर झाला नाही. मला त्यांची फार माया आली आणि का कोण जाणे, वाईटही वाटलं.

ठराव संपला तसे ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर मोठं नवल होतं.

"लई लांब असतेत हो मास्तर, ठराव," दाजी म्हणाले. "आन काय काय लिवलेलं असतं त्यात! म्या एकबी ऐकला न्हवता."