रॉकेलने धुतलेलं इंजिन

रॉकेलचा वास आला की सानपाडा गावातलं ते अंगण आठवतं. पहिल्या नोकरीत मला घरच्यासारखं जेवू घालणाऱ्या घरमालकीण मावशींच्या लेकीची पाठवणी त्यांच्या जुन्या सहा सिलेंडरच्या गाडीतून व्हायची होती. दुरुस्तीसाठी इंजिन खोलून मी पिस्टनचा प्रत्येक रॉड आणि त्याला खालून आवळणाऱ्या कॅपवर खडूने नंबर घातले, कारण एकाची कॅप दुसऱ्याला चालत नाही. जेवून येतो तो मावशींनी सगळं रॉकेलच्या घमेल्यात घासून लख्ख केलेलं, नंबरही पुसलेले. "सगल्या सारख्याच हायेत रे, कोनची बी बसव." लग्नाच्या सकाळपर्यंत कॅपांची अदलाबदल केली, इंजिन फिरेना. मावशींना बोलणार काय, ताट त्याच वाढत होत्या. शेवटी वऱ्हाडाने गाडी ढकलत नेली, आणि मावशी पाहुण्यांना कौतुकाने सांगत होत्या, "इंजिन मी धुतलंय." आजही कुणी माझं टेबल आवरलं, की मी मुकाट्याने आभार मानतो.