पेडण्याच्या मांगरातले गर

चुकांबद्दल आधीच माफी मागते. चौथीपर्यंतच शिकले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ नीट कळत नाही. अक्षर पूर्वीपासूनच वाईट होते, आणि मनगट मोडल्यापासून ओळी खाली घसरतात. हे माझ्यापुरतेच लिहिते आहे, तरी कुणाच्या हाती लागले तर सांभाळून घ्यावे.

मुळगाव नावाच्या आमच्या गावात आम्हा बायकांचा काजूगराचा गट आहे. आमच्या कामावर कुणी कुणाच्या अंगावर हात टाकायचा नाही, हा पहिला नियम. दुसरा, हातमोज्यांशिवाय बी फोडायची नाही, कारण सालीतले तेल कातडे जाळते. पहिला नियम का केला, ते गटातल्या निम्म्या बायकांच्या पाठी सांगतील. माझा नवरा सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या आणि त्याचा राग घरात आला. एकदा त्याने माझे डोके जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कठड्यावर आपटले. मार नसलेली जागा असते, हे मला गटात आल्यावर कळले.

मागणी वाढली तेव्हा आम्ही बिया फोडायला पेडण्याकडच्या एका माणसाला दिल्या. त्याच्या मांगरात, म्हणजे लांब पत्र्याच्या शेडमध्ये, सिंधुदुर्गातून आलेल्या बायका कटरवर बसत. आमचे दोन्ही नियम त्याने देवीपुढे नारळ ठेवून मान्य केले. आम्ही अधूनमधून बघायला जायचो, पण पाहुण्यांसारख्या. आदल्या दिवशी फोन करून, केळी घेऊन. न सांगता कुणाच्या दारात जाणे आमच्यात बरे दिसत नाही. आम्ही गेलो की सगळ्यांच्या हातात मोजे असत. ते दर वेळी नवेकोरे कसे, असे आम्हाला कधी वाटले नाही.

एकदा बहिणीकडून परतताना रिकामी पोती घ्यायला मी वाटेत त्याच्या मांगरापाशी उतरले. दारातूनच दिसले. एका बाईने मोजे मागितले म्हणून तो तिला मशीनच्या रबरी पट्ट्याने मारत होता. ती पोत्यांवर पडली होती, तोंड वाचवायला हात वर धरले होते. हातांना कातडे नव्हते. पट्टा त्या उघड्या मांसावर बसत होता. बाकीच्या बायका मान खाली घालून बिया फोडत होत्या. कटर थांबला की तो मजुरी कापायचा. मोज्यांचे पैसेही कापायचा, हे नंतर कळले.

मी फारशी बोलत नाही. बाजारात भावसुद्धा दुसरीला विचारायला लावते. तेव्हाही ओरडले नाही, नुसती मध्ये गेले आणि पट्टा धरला. त्याने लोखंडी दांडा उचलून माझ्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, दुखले नंतर. खाली पडलेल्या बाईने त्याच्या पोटरीचा चावा घेतला आणि दात रक्ताने भरले तरी सोडला नाही. त्याने तिच्या बरगडीत लाथ घातली. तेव्हा कुठे एकेक कटर थांबला. बायका उठल्या, तसा तो लंगडत बाहेर गेला.

पोलिसांत तक्रार दिली. गटाने त्याचे काम बंद केले आणि झालेल्या कामाचे बिल अडवले. आधी बायकांची कापलेली मजुरी परत कर, मग बिल. आमच्यातल्या काही जणी कुरकुरल्या, मांगर त्याचा, बायका त्याच्या, आपण हंगाम का बुडवायचा. मग तोच मुळगावात आला. दाराला लाथ घातली, गरांचे डबे भिंतीवर फेकले.

"गर तुमका पांढरे शुभ्र गावले मां? मगे माझ्या मांगरात काय चलता, ता तुमका कशाक व्हया?"

प्लास्टरमधला हात पोटाशी धरून मीच बोलले.

"गर आमचे, तर तेंका लागलला रगातय आमचाच."

तो माझ्या अंगावर धावला. आमची अध्यक्ष, शाळेत स्वयंपाक करणारी बाई, नारळ फोडायचा कोयता घेऊन मध्ये उभी राहिली. तिने तो उगारला नाही आणि खालीही ठेवला नाही. कुरकुरणाऱ्या जणीही तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. तो शिव्या देत गेला.

हंगाम गेला, मोठे गिऱ्हाईकही गेले. आता आम्ही कुणाकडेही न सांगता जातो, केळी नेत नाही.

बिलावाचून त्याचेही अडले, तेव्हा गणपतीच्या चवथीच्या तोंडावर तो आला आणि आमच्यासमोर एकेकीची मजुरी परत करू लागला. शेवटी मार खाल्लेली बाई. तिची बोटे अजून वळत नव्हती, म्हणून नोटा मी डाव्या हाताने तिच्या पदरात मोजल्या. मोज्यांसाठी कापलेलेही त्यात होते. पैसे पुरे फिटले.