घरच्या खर्चाची सलामी

सरकारसाठी लढलेल्या शिपायाला सरकार मरणानंतरही विसरत नाही, असे मी शाळेत मुलांना शिकवत असे. पुस्तकात तसे छापले होते.

त्या काळी मी इंझोरीला मास्तर होतो. गावात पेन्शन खाणारा शिपाई एकच. पहिल्या महायुद्धात ते इराकात बसऱ्याला जाऊन आलेले. सगळे त्यांना फौजीबुवा म्हणत. तिकडे तापाने मेलेल्या एका गोऱ्या सार्जंटाला पुरताना रांगेत उभे राहून त्यांनी हवेत बंदूक झाडली होती. आपल्यालाही सरकार असेच पोचवील, अशी तेव्हापासून त्यांची खात्री होती. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी दुसरे काही मागितले नाही. त्यांच्या बायकोने मला शाळेच्या दारात गाठले.

“मास्तर, त्याहिले म्या जबान देल्ली हाय. बंदुका वाजल्याबिगर सरण पेटू देणार नाई. तुमी तालुक्याले जा.”

गेलो. तहसीलदार भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, चहा दिला.

“नोकरीत असताना गेला तर सलामीचा खर्च लष्कराचा,” तो म्हणाला. “पेन्शनीत गेला तर घरचा. मी पोलीस पाठवीन हो, पण त्यांचा भत्ता आणि काडतुसे दाखवू कुठल्या खात्यात?”

मागे मोठे साहेब दौऱ्यावर आले तेव्हा बंदुका वाजल्या होत्या, याची मी आठवण दिली.

“वाजल्या,” तो म्हणाला, “पण ते जिवंत होते.”

हे तो थट्टेने बोलला नाही. मला पोचवायला तो दारापर्यंत आला.

त्याच आठवड्यात फौजीबुवा गेले. आमच्याकडे बायका स्मशानात जात नसत. ही गेली आणि ओढ्याकाठी सरणापुढे बसली. तिला ऊठ म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. त्यांचा पोरगा विस्तव घेऊन ताटकळला. ऊन चढू लागले. शेवटी ज्वारीची राखण करणारे चार-पाच जण घरी पळाले आणि ठासणीच्या बंदुका घेऊन आले. बंदुकांचे परवाने होते, पण डुकरांपुरते.

“सगळ्या एकदम वाजू द्या रे,” पाटील म्हणाले.

“पाटील, डुकरं का एकदम येतात?” त्यांच्यातला म्हातारा म्हणाला. “आमाले कुठची सवय?”

एक वाजली. मग दोन. मग बऱ्याच वेळाने आणखी एक. शेवटच्या बंदुकीची दारू ओली होती. ती नुसती फुसफुसली. बार काढला की ओरडायचे, ही राखणीची रीत. त्यांच्या तोंडून सवयीने “हाऽऽ हुर्रऽऽ” निघाले. तिरडीमागून आलेलेही रात्री मचाणावर बसणारेच. त्यांनीही मागोमाग आरोळी ठोकली. सगळे स्मशान डुकरे हाकलू लागले. मी मान खाली घातली. आता बाई कोणाला सोडत नाही, असे वाटले.

ती उठली. पदर सारखा केला.

“सार्जंटाच्या टायमाले नुसत्या बंदुका वाजल्या, कोनी तोंडातून आवाज नोता काढला,” ती म्हणाली. “त्याहिनंच सांगतलं होतं. लाव रे आता.”

पोराने सरण पेटवले.

त्या पंधरवड्यात ओढ्याकाठच्या ज्वारीत डुकरे फिरकली नाहीत.