शेवटच्या ओळीतलं पाणी

आमच्या संभाजीनगरात कुणाला सुखानं आजारी पडायचं असेल, तर आमच्या भाऊजींना कळू न देता पडावं लागतं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी दुसऱ्या. त्यामुळं माझी शिंक जिन्यातून वर जाते आणि तिच्यामागोमाग भाऊजी खाली येतात. दुसरा कुणी असता तर आल्याचा चहा घेऊन आला असता. हे प्रश्न घेऊन येतात. काल काय खाल्लं, कुठल्या कुशीवर झोपलात, उशाशी कुठलं पुस्तक होतं? पुस्तकाचा आणि सर्दीचा काय संबंध, असं मी एकदाच चुकून विचारलं. दुपार गेली. तेव्हापासून मी शिंक दाबायला शिकले.

त्यांच्या मते वाचन हासुद्धा आहारच, आणि माणसांच्या निम्म्या तक्रारी भलत्या वेळी भलतं वाचल्यानं होतात. कविता उपाशीपोटी घ्यावी. कादंबरी वातूळ; जेवल्यावर हातात धरली की पोट फुगलंच म्हणून समजा. आत्मचरित्रानं पित्त वाढतं, त्यातून ते ओळखीच्या माणसाचं असेल तर विचारूच नका. माझा गुडघा सुजला तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि भाऊजींनी इतिहासाचा एक ठोकळा आणून दिला. जेवणाआधी दोन पानं, वर कोमट पाणी. मी तो ठोकळा पायाखाली घेऊन गुडघा शेकत बसले. गुडघा खरंच उतरला. भाऊजींना इतका आनंद झाला की त्यांनी माझ्यावर लेखच लिहिला, आणि पुस्तक नेमकं कुठं ठेवलं होतं हे सांगायला माझी जीभ काही रेटली नाही.

स्वतः ते उभ्यानं वाचतात. बसून वाचलेलं डोक्यात न जाता कमरेत जातं, असा त्यांचा अनुभव आहे. सकाळी हिमायतबागेत फिरायला जातात तेही उलट्या पावलांनी, कारण त्यानं म्हणे मणके खूश राहतात. उलटं चालणाऱ्याला येणारा माणूस दिसत नाही, ओलांडून गेलेला तेवढा दिसतो. म्हणून भाऊजी वर्षानुवर्षं लोकांच्या पाठींना नमस्कार करत आलेत. एकदा पेरूच्या हातगाडीवर जाऊन आदळले, तर माफी मागायची सोडून गाडीवाल्यालाच पेरू केव्हा खावा आणि केव्हा खाऊ नये हे समजावत बसले. त्या बिचाऱ्याचं बोहनीचं गिऱ्हाईक ते ऐकून परत गेलं. जेवणाचं तर बोलूच नये. घास इतका चावतात की भाच्याच्या लग्नात केटररच्या माणसांनी आजूबाजूची सगळी टेबलं उचलून नेली आणि भाऊजी मोकळ्या मैदानात एकटेच वरणभात चावत बसले होते. ताई, म्हणजे माझी बहीण, लांबून हात जोडून त्यांच्याकडं बघत होती.

चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवसापासून स्वतंत्र लेखक झाले. स्वतंत्र हा शब्द ते छातीवर हात ठेवून उच्चारतात. त्यामागं एक जखम आहे. फार पूर्वी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्यांचा इसबगोलावरचा लेख छापून आला होता, पण शेवटचा परिच्छेद कापून तिथं गाद्यांची जाहिरात टाकलेली. भाऊजींनी त्या दिवशी शपथ घेतली की यापुढं आपल्या मजकुराला कुठल्याही संपादकाचा हात लागू द्यायचा नाही. मग छापणार कोण? कुणीच नाही. भाऊजींनी आमच्या इमारतीच्या जिन्याखालचा नोटीस बोर्ड ताब्यात घेतला. रोज सकाळी गच्चीवर, काही न खाता, कारण भरल्या पोटी भाषा जड होते, ते एक लेख लिहितात आणि चार टाचण्या मारून बोर्डावर लावतात. ताक, प्राणायाम, डोळ्यांची निगा, वाचताना मान कशी ठेवावी, असे विषय. अक्षर मोत्यासारखं. मजकूर मात्र मारुतीच्या शेपटासारखा.

आता तुम्ही म्हणाल, असलं वाचतं कोण? तर सगळी इमारत वाचायची. कारण पाणी.

आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही. येईल तेव्हा येतं, तेही पहाटे. इमारत जुनी, प्रत्येकाची मोटार वेगळी, गच्चीवरची टाकी वेगळी; ज्यानं वेळेवर उठून मोटार लावली त्याची टाकी भरली, बाकीच्यांनी टँकरवाल्याला फोन करावा. आणि पाणी सोडायला जो माणूस व्हॉल्व्ह फिरवतो, तो रोज हिमायतबागेत भाऊजींना भेटतो. त्याची जुनी अ‍ॅसिडिटी भाऊजींच्या उपचाराखाली आहे. त्यामुळं उद्या पाणी येणार की नाही, ही खबर शहरात सगळ्यात आधी भाऊजींना लागते. ती ते लेखाच्या शेवटच्या ओळीत लिहायचे. बसा वाचत. सकाळी ऑफिसला निघालेली माणसं बोर्डापाशी थांबायची, नजर सरळ तळाशी टाकायची आणि चालू लागायची. भाऊजी वरून, गॅलरीतून, ती गर्दी बघायचे. मला म्हणायचे, मेहुणीबाई, लोकांना वाचनाची गोडी नाही असं कोण म्हणतं? मी मान डोलवायचे; मीही त्यातलीच.

हे असंच छान चाललं असतं. पण खालच्या मजल्यावर सोसायटीचे अध्यक्ष राहतात. हयात कोर्टात गेलेली, त्यामुळं आक्षेप घेतल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. बोर्ड सूचनांसाठी आहे, लेखांसाठी नाही, हा त्यांचा जुना मुद्दा. एकदा जिन्यात सगळ्यांसमोर ते भाऊजींना म्हणाले, साहब, आपका लिखा कोई पढता नहीं, सब नीचे की लाइन देखते हैं. भाऊजी हसले. पण त्या दिवशी त्यांचा घास नेहमीपेक्षाही जास्त वेळ तोंडात फिरत होता, असं ताईनं मला सांगितलं.

मग भाऊजींनी परीक्षा घेतली. आमचीच. दुसऱ्या दिवशीचा लेख बद्धकोष्ठावर होता. त्यात, साधारण मध्यावर, भिजवलेल्या मनुका आणि दीर्घ श्वास यांच्या मध्ये, त्यांनी एकच वाक्य घातलं, की उद्या पहाटे पाणी येणार आहे. शेवटच्या ओळीत नेहमीच्या जागी लिहिलं, 'सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.' आम्ही सगळ्यांनी खाली बघितलं, पाणी नाही असं समजलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निवांत झोपून राहिलो.

सकाळी जो गोंधळ झाला तो काय सांगू. पाणी येऊन गेलं होतं. अख्ख्या इमारतीत एकट्या अध्यक्षांची टाकी भरलेली, कारण आक्षेप काढायला का होईना, ते पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचतात. बाकी सगळे कोरडे. आता यात हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि मी हसलेसुद्धा. पण भांडायला म्हणून वर गेले तेव्हा ताई रिकाम्या नळाखाली घागर धरून उभी होती, आणि भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात. मोटार त्यांच्या घरी नेहमी ताईच लावते. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम तिला आठवण करून दिली नव्हती. इमारतीनं वाचलं नाही याचं त्यांना काही वाटलं नसतं. त्यांना एवढंच बघायचं होतं, की आपल्या घरची टाकी भरते का.

"तूसुद्धा?" ते म्हणाले.

ताई वैतागलेली होती. घरात पाण्याचा थेंब नाही. ती म्हणाली, "लई वर्षं ऐकतेच की. परत वाचायचं कशाला उगं?"

ती काही लागट बोलली नव्हती. पण भाऊजी आत जाऊन बसले. बसले, हे मी मुद्दाम सांगते. संध्याकाळी सोसायटीची बैठक झाली आणि ठराव झाला की यापुढं व्हॉल्व्हवाल्याला थेट विचारून पाण्याची खबर मोबाईलच्या ग्रुपवरच टाकायची. भाऊजींनी एका शब्दानं विरोध केला नाही. दुसऱ्या दिवशी बोर्ड रिकामा होता. त्यानंतरही रिकामाच राहिला. हिमायतबागेतलं फिरणं बंद झालं. मी खोकले तरी कुणी खाली येईना. एकदा मी मुद्दाम जिन्यात उभी राहून खोकले, तरी नाही. आणि एक दिवस तर मी त्यांना गुलमंडीत इमरती खाताना पाहिलं, तीही भराभर, दोन घासांत. मला रडूच आलं. ज्या माणसाला मी इतकी वर्षं चुकवत होते, त्याच्यासाठी मी भर बाजारात डोळे पुसले.

अध्यक्षसुद्धा अस्वस्थ झाले. बोर्ड रिकामा म्हणजे आक्षेप कशावर घ्यायचा? ते स्वतः वर आले आणि भाऊजींना म्हणाले, की मनुकांबद्दल तुम्ही मागं वेगळं लिहिलं होतं आणि आता वेगळं लिहिता, याचा खुलासा व्हायला हवा. भाऊजींनी त्यांना पाणी दिलं, खुलासा दिला नाही. ते गेल्यावर मला म्हणाले, परक्यानं वाचलं हो. बरं वाटलं.

ताई हे सगळं बघत होती. तिचा स्वभाव असा, की मनातलं बोलायला तिला पोळ्या लाटाव्या लागतात. एका सकाळी मी तिच्या ओट्यापाशी उभी असताना, त्यांच्याकडं पाठ करूनच, ती म्हणाली, "तुम्ही सांगता तवा मी ऐकते कुठं? माझा जीव तव्यावर असतो. मला सांगत जाऊ नका. लिहून खाली लावा, मी जाऊन वाचीन."

भाऊजींनी नुसतं व्हय म्हटलं. पुस्तकी मराठी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून तो व्हय ऐकून मी ताईकडं बघितलं, पण ती पोळीच बघत होती.

आता बोर्डावर पुन्हा लेख असतो. त्याच्याकडं कुणी बघत नाही, कारण पाणी मोबाईलवर येतं. अध्यक्ष सकाळी वाचून जातात. आणि दहाच्या सुमाराला, ओटा आवरून, ताई खाली उतरते. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि तिचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट. कठड्याला धरून, एकेक पायरी थांबत उतरते, चष्मा पदरानं पुसते आणि उभ्यानं सगळा लेख वाचते. काही ठिकाणी ओठ हलतात. भाऊजी वर गॅलरीत प्राणायाम करत असल्याचं सोंग करतात, पण श्वास त्यांनी नुसता धरून ठेवलेला असतो. ती वर येऊन कौतुक वगैरे काही करत नाही. आज जरा लांबलं, एवढं कधीतरी म्हणते.

मागच्या पंधरवड्यात ताईला ताप आला. डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून सांगितलं. तिच्याकडं डबा न्यायच्या आधी मी दूध घ्यायला खाली उतरले तर बोर्ड कोरा. म्हटलं, पुन्हा काही बोलणं झालं की काय दोघांचं. डबा घेऊन वर गेले तर भाऊजी तिच्या उशाशी खुर्ची टाकून बसलेले, हातात कपाळावर ठेवायची ओली घडी. मी हळूच विचारलं, आज लेख नाही का?

"लेख कसा असेल?" ते म्हणाले. "वाचक आजारी आहे."

मी डबा ओट्यावर ठेवला आणि ते दोघं तसेच बसलेले असताना हळूच दार लोटून खाली आले.