कार्डअक्काची पगारवाढ

कार्डअक्काला तिच्या मॅनेजरने फसवलं. पगार वाढवून फसवलं. आणि ती वाढ मागायला मी गेले होते. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी साधीभोळी समजायला नको.

तिचं खरं नाव महादेवपुऱ्यातल्या त्या आयटी पार्कात दोघा-चौघांनाच माहीत असेल. हाउसकीपिंगची निळी साडी नेसणारी, ठेंगणी, भालकीकडची मराठी बाई. कानडी, मराठी आणि कामापुरती हिंदी ती एकाच सुरात बोलायची. नवीन बाई कामावर आली की लोक नाव विचारतात, गाव विचारतात. अक्का विचारायची, "कार्ड निघालं का?" कार्ड म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं. कामगाराच्या पगारातून दर महिन्याला थोडे पैसे कापले जातात, त्याहून जास्त मालक भरतो, आणि त्या बदल्यात कामगाराला नि त्याच्या घरच्यांना दवाखाना, औषधं, ऑपरेशन मिळतं. पगारातली कपात बघून बायका कंपनीला शिव्या घालायच्या. अक्का म्हणायची, "शिव्या सावकाश घाल. आधी आईबापाचं नाव त्यात घातलंस का सांग."

कार्डाचे फायदे सांगणारे पुष्कळ भेटतात. अक्काचा लौकिक होता तो कार्डात काय बसत नाही हे सांगण्यात. एकदा एक बायकोपोरांचा सिक्युरिटी गार्ड गावाहून आलेल्या भावाला घेऊन तिच्याकडे आला. भावाच्या पोटात गाठ होती. अक्काने कागद हातात न घेताच सांगितलं की भाऊ बसत नाही. बायको बसते, मुलं बसतात, आईबाप बसतात. गार्ड भडकला, तू काय सरकार लागून गेलीस का म्हणाला. अक्काने पोछा बादलीत पिळला आणि मोठ्या सरकारी रुग्णालयाला कुठली बस जाते, केसपेपर कुठल्या खिडकीवर काढायचा, किती वाजता पोचायचं, ते सगळं त्याला दोनदा सांगितलं. तो गेल्यावर मला म्हणाली, "नाही म्हणायचं ते सकाळीच म्हणावं, ताई. दुपारी खिडकीवर कळलं की माणसाचा दिवस जातो, आणि रोगाला एक दिवस मिळतो."

तिचं दुसरं वेड दिवस मोजण्याचं. बाळंतपणाची पगारी रजा हवी तर आधी ठरावीक दिवस काम भरलेलं लागतं. रायचूरकडची एक मुलगी पोटुशी राहिली, तेव्हा अक्काने बाथरूमच्या दारामागे टांगलेला सफाईचा तक्ता उलटा केला आणि पाठीमागे पेन्सिलीने तिच्या हजेरीच्या रेघा मारल्या. काही दिवस कमी पडत होते. मुलगी तर काम सोडून गावी निघाली होती. अक्काने तिला कपड्यांच्या स्टोअरमध्ये बसून घड्या घालायचं काम मिळवून दिलं, जिने चढू दिले नाहीत, आणि दिवस भरल्यावरच गाडीत बसवलं. रजेचे पैसे खात्यात आले तेव्हा मुलगी फोनवर रडायला लागली. अक्का तिला म्हणाली, "रडतेस कशाला? तुझेच कापलेले आहेत. मोजून घे."

आता माझं सांगते. मी मिरजेहून इथे आले तेव्हा एका स्टोव्हवर पोळ्या लाटत होते. आज त्याच पार्काच्या तळघरात माझं स्वयंपाकघर आहे आणि पुण्या-नागपूरकडून आलेली मुलंमुली माझा डबा खातात. हे मला कोणी दिलेलं नाही. भाजीवाल्यापासून जागेच्या मालकापर्यंत प्रत्येकाशी भांडून मिळवलंय. यशवंतपूरच्या बाजारात मला बघून कांद्याचे व्यापारी एकमेकांना डोळा मारतात, ते मला माहीत आहे. माझा एकच नियम. समोरचा पहिल्या आकड्याला हो म्हणाला तर आपण चुकलो. त्याने कण्हावं, कपाळाला हात लावावा, उठून जायचं नाटक करावं, तेव्हा खरा भाव येतो.

अक्काची आणि माझी ओळख भांडणातच झाली. माझ्या दारात तेल सांडलं होतं आणि ती पुसायला आली होती. पुसता पुसता मान वर करून म्हणाली, "ताई, तुमच्याकडे माणसं किती?" मी म्हटलं नऊ. दहा माणसं झाली की मालकाला विम्याची नोंदणी करावी लागते. म्हणून माझ्या कागदावर कायम नऊच होती. अक्का दोरीकडे बघत म्हणाली, "मग अॅप्रन अकरा कसे वाळतात?"

मी म्हटलं, "तू फरशी बघ. दोरी बघू नकोस."

"फरशीच बघते की. तेल तुमचंच आहे."

त्या दिवशी मी तिला हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, कारण तेल पुन्हा सांडलं होतं. हळूहळू ती दुपारी माझ्याकडे भाकरी खायला बसू लागली. नोंदणीचा विषय ती सोडत नव्हती आणि मी धरू देत नव्हते. पण मला माझ्या तोंडावर बोलणारी माणसं आवडतात, आणि तशी मला फार मिळालेली नाहीत.

तिच्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. पूर्वी तो सेंट्रिंगच्या कामावर होता. आता आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्याला डायलिसिसला न्यावं लागे. अक्काच्या कार्डावर योजनेशी जोडलेल्या एका रुग्णालयात ते फुकट होत असे. त्या दोन अर्ध्या सुट्यांच्या बदल्यात ती रविवारी काम करायची. कार्डाबद्दलची तिची सगळी विद्या या दोन दिवसांतून आली होती. कार्ड आहे तर नवरा आहे, इतका सरळ हिशेब होता, आणि तो ती लपवत नसे.

मग तिला सुपरवायझर केलं. हातात रजिस्टर आलं, गळ्यात शिट्टी आली, पगार होता तिथेच राहिला. माझं डोकं फिरलं. तिला न विचारता मी त्यांच्या मॅनेजरकडे गेले. मऊ बोलणारा, स्वच्छ माणूस. सफाईच्या बायकांनाही मॅडम म्हणायचा. मी तयारीने गेले होते. बाहेरच्या सुपरवायझरांचे पगार तोंडपाठ केले होते, दोन धमक्याही तयार होत्या. मी आकडा सांगितला. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "सरी मॅडम," म्हणजे ठीक आहे, "करून टाकू." एवढंच नाही. मी मागितलं होतं त्याच्यावर त्याने आपणहून आणखी थोडे चढवले.

मी नाचत खाली आले. माझा नियम मला आठवला नाही. परक्याच्या खिशातून पैसे निघताना बघायची मला इतकी चटक होती की ते का निघाले, हे मी बघितलंच नाही.

संध्याकाळी अक्का आली. तिचा चेहरा बघून मला वाटलं आनंदाने तोंड उघडत नाहीये. ती म्हणाली, "ताई, तो पगार स्वल्प खाली आणून द्या."

या विम्याला पगाराची मर्यादा असते. पगार त्या रेषेच्या वर गेला की माणूस योजनेबाहेर. मी मागितलेला आकडा रेषेच्या आत बसत होता. मॅनेजरने वर जे चढवले, त्याने ती रेषा ओलांडली. हे अक्काने मला तांदळाचे दाणे मांडून दाखवलं. आणि मी काय केलं? मी तिच्यावर ओरडले. आयुष्यभर कमी घ्यायची सवय लागली तुम्हाला, म्हटलं. देणारा देतोय आणि घेणारीचे हात थरथरतायत, म्हटलं. ती फक्त एवढंच म्हणत राहिली की पैसे नकोत, कार्ड पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मॅनेजरकडे गेले. तो हसला. म्हणाला, त्या सरकारी रांगा आता कशाला, कंपनीची स्वतःची खासगी पॉलिसी आहे, मोठ्या रुग्णालयात एसी खोलीत उपचार. त्याने एक गुळगुळीत कार्ड माझ्या हातात दिलं. सोबत इंग्रजीतलं पुस्तक होतं. पहिल्या पानावरची विम्याची भली मोठी रक्कम बघून मी पुस्तक मिटलं.

अक्काला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिने कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "यात डायलिसिस बसतं का? तुम्ही विचारलंत?"

मी विचारलं नव्हतं. पण आदल्या दिवशी मी तिच्यावर इतकी ओरडले होते की आता नाही म्हणायला माझी जीभ वळेना. मी म्हटलं, "विचारलंय. बसतं."

जी बाई दुसऱ्याच्या कार्डावरची जन्मतारीखसुद्धा चष्मा लावून स्वतः तपासायची, तिने माझा शब्द तसाच घेतला. सही केली.

पगार वाढला म्हणून जुनं कार्ड त्याच दिवशी बंद पडत नाही. चालू सहामाही आणि पुढचे काही महिने ते चालतं. त्यामुळे आम्हाला काहीच जाणवलं नाही. नवऱ्याला जुन्या रुग्णालयातल्या नर्सची सवय झाली होती, म्हणून शेवटच्या तारखेपर्यंत अक्का त्याला तिथेच नेत राहिली. वाढीव पैशांतून तिने त्याला पाठ टेकायला एक चांगली उशी घेतली. मला कौतुकाने दाखवली. मग जुनी मुदत संपली आणि एका मंगळवारी ती नवं कार्ड घेऊन खासगी रुग्णालयात गेली. खिडकीवरच्या मुलीने संगणकात बघितलं आणि सांगितलं की पॉलिसीच्या आधीपासूनचा आजार पहिली काही वर्षं धरत नाहीत.

अक्का तिथून सरळ माझ्याकडे आली. दुपार झाली होती. मी पुस्तक शोधून काढलं, चष्मा लावला आणि बाराव्या की तेराव्या पानावर ते वाक्य सापडलं. बारीक होतं, पण होतं.

मी वर गेले. मॅनेजरला म्हटलं, पगार खाली आणा, आहे तसा करा. तो म्हणाला, "मॅडम, एकदा वाढवलेला पगार कमी कसा करणार? कामगारावर अन्याय होईल." अक्का योजनेबाहेर गेल्यापासून तिच्यापोटी कंपनीने भरायचा हिस्सा वाचत होता, आणि तो वर चढवलेल्या पैशांहून मोठा होता. तिच्यासारखे आणखी कितीजण त्याने असे वर ढकलले होते, ते मला नंतर कळलं. सगळे जुने, सगळे आजारी घरांतले, सगळ्यांनी पेढे वाटलेले. ही युक्ती मी ओळखायला हवी होती. कागदावर नऊ आणि दोरीवर अकरा ठेवणारीला ती ओळखू येत नसेल तर कोणाला येणार?

सरकारी रुग्णालयातल्या डायलिसिसच्या यादीत नाव लागलं, पण यादी लांब होती. तोपर्यंत खासगीत पैसे मी भरू लागले. अक्काने नको म्हटलं नाही. तिला तेवढी चैन परवडणारी नव्हती. परवडलं नाही ते नवऱ्याला. मला बरं वाटतंय असं सांगून तो शुक्रवार चुकवू लागला. पाय सुजले ते त्याने चादरीखाली ठेवले. अक्का कामावर असताना, भर दुपारी, तो गेला. नंबर लागल्याचा फोन त्यानंतर आला. तो अक्कानेच घेतला आणि पुढच्या माणसाला जागा द्या म्हणून सांगितलं.

भालकीला जायच्या आधी ती माझे तीन डबे परत करायला आली. घासून, पुसून, आतून कोरडे करून. मी तिला बस म्हटलं, ती बसली नाही. बायकांबद्दल बोलली. कोणाच्या सासूचं नाव घालायचं राहिलंय, कोणाचे दिवस भरायचेत. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? तुम्ही त्या वेळी खरंच विचारलं होतं का?"

मी नाही म्हटलं. या वेळी तेवढं जमलं.

तिने मान हलवली. "तेव्हाच सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर मी विचारून आले असते." आणि डब्यांची झाकणं ज्याची त्याला आहेत ना ते बघून गेली. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मला त्यांच्याशी भांडता आलं असतं. आता तिचा फोन लागत नाही.

माझ्या अकराही बायकांची नोंदणी मी केली. त्याबद्दल कोणी मला शाबासकी देऊ नये.

मॅनेजर आता हेब्बाळच्या एका पार्कात याच कामावर आहे, बढती घेऊन. गेल्या महिन्यात मी तिथे गेले. त्याच्या केबिनमध्ये चार माणसं बसली होती, तरी मी बोलले. त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, "मॅडम, वाढ तर तुम्हीच मागितली होती."

मागितली होती. मी खोटंही बोलले, आणि ते मी इथे माझ्या हाताने लिहून दिलं आहे. माझ्या वाटणीचं उत्तर माझ्याकडून घेतलं गेलं. पण मी मागितलेला आकडा रेषेच्या आत होता. कांद्याचा व्यापारीसुद्धा मागितल्यापेक्षा जास्त देत नाही. मग मॅनेजरसाहेब, तुम्ही ते वरचे पैसे कशासाठी चढवलेत? चार माणसांसमोर विचारलं तेव्हा तुम्ही पाणी मागवलंत. आता इथे विचारते आहे. पाणी पिऊन झालं असेल तर सांगा.