साहेब जेवायला येणार की नाही

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी करमाडला बहिणीच्या घरी पुरण शिजलं, आमरस झाला आणि मग पाहुणा येणार की नाही, याची चौकशी सुरू झाली.

पाहुणा म्हणजे दाजींच्या शेंद्र्यातल्या कारखान्यात आलेला परदेशी इंजिनिअर. शुक्रवारी तो दाजींना म्हणाला होता, ‘वी शुड ग्रॅब अ बाइट समटाइम.’ दाजींनी लगेच विचारलं, ‘संडे? माय होम?’ तो म्हणाला, ‘साउंड्स गुड.’ शनिवारी बहिणीनं ही बातमी गल्लीभर केली.

मी शहरातल्या एका वर्तमानपत्रात परदेशी बातम्यांचं भाषांतर करतो. म्हणून निवाड्याला मला बोलावलं होतं. मी सांगितलं, पहिलं वाक्य, ‘कधीतरी सोबत काही खाऊ’, म्हणजे आपलं ‘या एकदा घरी’. आपण ते म्हणतो आणि दार लावून घेतो. ‘साउंड्स गुड’ म्हणजे कल्पना आवडली, इतकंच.

“दादा, शेजारीण सकाळपासून साखर मागायच्या निमित्तानं डोकावून चाललीय,” बहीण म्हणाली. “तो नाय आला तर ती वर्षभर इचारंल, साहेब जेवले का.”

तिनं दाजींना तव्यावरच्या पोळीचा फोटो साहेबांना पाठवायला लावला. उत्तर आलं, ‘ऑन माय वे.’

याचा अर्थ दाजींनी स्वतःच लावला. त्यांच्या घरात ‘निघालोच’ म्हणणारा माणूस अजून अंघोळीला गेलेला नसतो. मीही दुजोरा दिला. बहिणीनं गॅस बंद केला, आणि दाजी निवांत अंघोळीला गेले.

गाडी आली तेव्हा दाजींच्या डोक्याला साबण होता आणि बहीण साडी बदलत होती. मी मागच्या अंगणात आंब्याच्या कोयी टाकत होतो. दारात कुणी नाही असं पाहून शेजारणीनं पाहुण्याला आपल्या घरी नेलं, खुर्ची दिली, चहा पाजला. दाजी ओल्या केसांनी त्याला आणायला गेले. तिनं पाहुण्याला दुसरा कप संपल्यावरच सोडलं.

पाहुणा पोटभर जेवला. निघताना म्हणाला, ‘वी मस्ट डू धिस अगेन.’

बहिणीनं मला अर्थ विचारला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी फोन केला तेव्हा तिच्या गॅसवर पुरणाची डाळ शिजत होती. शेजारीण स्वतःचा पोळपाट घेऊन आली होती.